जपानमधल्या देवीच्या लशीच्या जुन्या नोंदी कशा वाचाव्यात

देवीची लस जपानमध्ये १८४९ मध्ये रुजली. त्यानंतरची लस टोचण्याची वही समोर आली की आधी तारखा बघा, नावं नंतर. एका टोचणीपासून पुढच्या टोचणीपर्यंत सात-आठ दिवसांचं अंतर पुन्हा पुन्हा दिसलं, तर ती वही प्रत्यक्ष काम चालू असताना लिहिलेली आहे असं धरायला हरकत नाही. अंतर कसंही असेल तर ती मागाहून उतरवलेली असेल, किंवा मधली पानं गेली असतील. हा ठोका समजला की बाकीचं वाचन सोपं होतं. त्या काळात लस बाटलीत टिकत नव्हती, ती मुलांच्या दंडांवर जिवंत राहत होती. एका मुलाच्या फोडातून काढायची आणि लगेच दुसऱ्याच्या दंडावर लावायची. या वह्या उपचाराच्या नोंदी वाटतात, पण मुळात एक नाजूक वस्तू मरू न देण्याच्या नोंदी आहेत.

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. आपल्याकडे ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. जपानी नोंदींतला ‘तोशो’ म्हणजे नेमकी हीच लस. वाळलेल्या खपलीला ‘तोका’ म्हणतात. पुढच्या मुलाला लावायचं बी या अर्थाने दोन्हींसाठी ‘तोब्यो’ असा शब्द येतो आणि त्यातल्या ‘ब्यो’चं अक्षर म्हणजे रोप. हे ‘तो’चं अक्षर डोळ्यांत बसवून घ्या: बाहेर आजारपण दाखवणारी चौकट, आत ‘घेवडा, दाणा’ या अर्थाचं अक्षर. घसटत्या हस्ताक्षरातही ही जोडी ओळखता येते आणि पानावर ती कुठे कुठे आहे हे बघत गेलं की कामाच्या ओळी आपोआप वेगळ्या होतात.

आधी ठरवा: टोचलं काय होतं?

सगळ्यात जास्त चुका ‘शुतो’ या शब्दावर होतात. त्याचा अर्थ फक्त ‘देवी पेरणे’. त्यात ‘जिंतो’ येतं, म्हणजे माणसाच्या खऱ्या देवीची खपली वापरणं, आणि ‘ग्युतो’ही येतं, म्हणजे गायीच्या देवीची लस. पहिल्या प्रकारात मुलाला खरीच देवी येते, बहुधा सौम्य, पण तिच्यापासून इतरांना लागण होऊ शकते. दुसऱ्यात तसं होत नाही. नोंदीत नुसतं ‘शुतो’ असेल तर वर्ष आणि पद्धत या दोन्हींवरून निर्णय करा.

जिंतोची चिनी पद्धत १७४४ मध्ये ली रेन्शान या चिनी वैद्याबरोबर नागासाकीत आली. अकिझुकीच्या जहागिरीतला वैद्य ओगाता शुन्साकू याने १७९० मध्ये खपलीची पूड नाकावाटे द्यायला सुरुवात केली. म्हणून नाक, पूड, हुंगणे असे शब्द दिसले की ते जिंतो. दंड, सुरी, सुई आणि ‘डावा-उजवा’ असा हिशेब असेल तर बहुधा ग्युतो. मात्र ‘बहुधा’च, कारण खरी देवीसुद्धा कातडीवर टोचता येते. शंका असेल तर फोड कुठे आले ते शोधा. ग्युतोत ते टोचल्या जागीच राहतात. अंगभर पुरळ आल्याची नोंद असेल तर ‘ग्युतो’ असं भाषांतर करू नका.

उलटी चूकही होते. ‘ग्युतो’ लिहिलंय म्हणून लस गायीपासून काढली असं नव्हे. १८४९ नंतरची पहिली पंचवीसेक वर्षं ती जवळजवळ सगळी मुलाकडून मुलाकडेच गेली. वासरावर लस वाढवण्याचं सरकारी काम मेइजी काळात (१८६८ नंतर), १८७४ मध्ये ग्युतो शुकेइजो ही संस्था उभी राहिल्यावर मार्गी लागलं.

पुस्तकाचं वर्ष आणि लशीचं वर्ष यांचीही गल्लत करू नका. बाबा साजुरो याने रशियन पुस्तकावरून देवीच्या लशीची माहिती १८२० मध्ये जपानीत आणली, पण ती छापून निघाली १८५० मध्ये. मूळ रशियन पुस्तक नाकागावा गोरोजी घेऊन आला होता. १८०७ मध्ये त्याला रशियनांनी उत्तरेच्या एतोरोफू बेटावरून पकडून नेलं होतं आणि १८१२ मध्ये तो परतला. त्याने १८२४ मध्ये उत्तरेत मात्सुमाए भागात प्रत्यक्ष लस टोचली, तरी ती साखळी देशभर गेली नाही. त्याच्या एक वर्ष आधी डच वखारीचा डॉक्टर झीबोल्ट याने नागासाकीत बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) आलेली लस टोचून पाहिली होती, ती लागलीच नाही. इतो केइसुके यांनी १८४१ मध्ये आणि कोयामा शिसेई यांनी १८४७ मध्ये चिनी पुस्तिकांच्या जपानी आवृत्त्या काढल्या. म्हणजे लस हाती लागण्याआधी तिची माहिती कैक वर्षं देशात होती. १८४९ पूर्वीच्या पुस्तकात पद्धतीचं वर्णन असेल, तर तो ती पद्धत चालू असल्याचा पुरावा होत नाही.

तारखांचा हिशेब

जपानने सौर दिनदर्शिका १ जानेवारी १८७३ पासून घेतली. त्याआधीच्या सगळ्या तारखा चांद्र महिन्यांच्या आहेत आणि वर्ष ‘नेंगो’ने, म्हणजे राजवटीच्या कालनामाने, मोजलेलं असतं. ‘कायेई २’ म्हणजे ढोबळमानाने १८४९. शेजारी साठ वर्षांच्या चक्रातलं नाव असेल तर तेही जुळवा. कायेई २ साठी ते ‘त्सुचिनोतो-तोरी’, म्हणजे कोंबड्याचं वर्ष.

ढोबळमानाने म्हणायचं कारण असं. कायेई २ ची सुरुवात २४ जानेवारी १८४९ ला झाली आणि त्या वर्षी चौथ्या महिन्यानंतर अधिक चौथा महिना होता. आपल्या अधिक महिन्यासारखीच ही सोय आहे, पण नोंदीत तो एका छोट्या ‘उरू’ अक्षराने दाखवतात आणि ते नजरेतून सुटतं. सुटलं की पुढचं सगळं महिनाभराने सरकतं. कायेई २ चा सहावा महिना २० जुलैला सुरू होतो, म्हणून सहाव्या महिन्याची २६ तारीख म्हणजे १४ ऑगस्ट १८४९. अकरावा महिना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जातो आणि बारावा महिना पूर्णच १८५० मध्ये पडतो.

याने काय बिघडतं ते फुकुईच्या वैद्याच्या नोंदींत दिसतं. कासाहारा र्योसाकू, ज्यांना हाकुओ असंही म्हणतात, त्यांनी कायेई २ च्या अकराव्या महिन्यात क्योतोहून फुकुईला लस नेली. अकरावा महिना म्हणजे नोव्हेंबर असं कोणी लिहिलं, तर तोचिनोकी घाटातला बर्फ अतिशयोक्ती वाटू लागतो. तारीख नीट बदलली की ऐन हिवाळा येतो आणि लस टोचलेली आणि पुढे टोचायची मुलं, त्यांचे आईबाप, सगळ्यांना घेऊन तो घाट ओलांडणं किती जोखमीचं होतं ते कळतं. थांबायची मात्र सोय नव्हती. दंडावरचा फोड वाट पाहत नाही.

महिन्यांची नावंही अंकात नसतात. ‘शोगात्सू’ पहिला, ‘शिमोत्सुकी’ अकरावा, ‘शिवासू’ किंवा ‘गोकुगेत्सू’ बारावा. महिन्याचा पहिला दिवस ‘त्सुइताची’, शेवटचा ‘मिसोका’, आणि शेवटचा म्हणजे २९ की ३० ते त्या वर्षाचा तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. वीससाठी दोन दहा जोडून केलेलं एकच अक्षर येतं, नवखे वाचक ते दहा समजतात. पैशांच्या ओळींत एक आणि दोन यांची मुद्दाम भरगच्च केलेली अक्षरं असतात, म्हणजे मागाहून एखादी रेघ ओढून एकाचे दोन करता येऊ नयेत.

मूळ तारीख आहे तशी एका रकान्यात ठेवा आणि बदललेली तारीख शेजारी लिहा. मूळ पुसून त्यावर इंग्रजी तारीख लिहिली की चूक परत शोधता येत नाही.

साखळी कशी मांडायची

लशीचा फोड ठरावीक वेळापत्रकाने वाढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल गाठ, पाचव्या-सहाव्या दिवशी मोत्यासारखा फोड आणि त्याच्या मधोमध खळगा. सातव्या-आठव्या दिवशी आतली लस स्वच्छ आणि भरपूर असते, हीच काढायची वेळ. नवव्या-दहाव्या दिवसापासून भोवती लाली पसरते, लस गढूळ होते, पू होतो. दोन आठवड्यांच्या आसपास खपली धरते आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गळते. मोजताना जपानी वहीत टोचल्याचा दिवस हाच पहिला दिवस असतो. ‘आठवा दिवस’ म्हणजे आपल्या हिशेबाने सात दिवसांनंतरचा. दोन कागदांत एका दिवसाचा फरक दिसला तर आधी हे तपासा.

आता नोंदींना हा हिशेब लावून पाहू. १८४८ मध्ये देशिमावर, म्हणजे नागासाकीतल्या डच वखारीच्या बेटावर, आलेला डॉक्टर ओटो मोनिके याने बरोबर आणलेली लस निकामी निघाली होती. उन्हाळी समुद्रावरच्या प्रवासात पातळ लस तग धरत नव्हती, झीबोल्टच्या वेळीही हेच झालं होतं. सागा जहागिरीचे वैद्य नाराबायाशी सोकेन यांनी खपल्या मागवायला सुचवलं, कारण वाळलेल्या खपलीत लस जास्त दिवस जगते. १८४९ च्या उन्हाळ्यात खपल्या आल्या. सहाव्या महिन्याच्या २६ तारखेला तीन मुलांना टोचलं आणि एकालाच लागली, सोकेन यांच्या केन्झाबुरो या मुलाला. पुढे आठव्या महिन्याच्या २२ तारखेला सागाचे दाइम्यो, म्हणजे जहागीरदार, नाबेशिमा नाओमासा यांनी आपल्या मुलाला टोचून घेतलं. दोन तारखांमध्ये सुमारे ५५ दिवस आहेत. सात दिवसांची एक फेरी धरली तर मध्ये सात-आठ फेऱ्या झाल्याच पाहिजेत. तुमच्या हातातल्या कागदात मधली दोनच मुलं असतील, तर बाकीची कुठेतरी दुसऱ्या वहीत आहेत किंवा कुणी लिहिलीच नाहीत. त्यांची जागा तक्त्यात रिकामी ठेवा, भरून काढू नका.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: मूळ तारीख, बदललेली तारीख, गाव किंवा पेठ, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, वय, कोणत्या मुलाकडून लस घेतली, किती ठिकाणी टोचलं, परिणाम, पुढे कोणाला दिली, पानाचा क्रमांक. यातले ‘कोणाकडून’ आणि ‘कोणाला’ हे दोन रकाने सगळ्यात जास्त वेळा रिकामे राहतील आणि तेच सगळ्यात मोलाचे आहेत.

एक साधा गुणाकार करून ठेवा. दर आठवड्याला एका मुलाकडून एकालाच टोचलं तरी वर्षाला ५२ मुलं लागतात. एखाद्याला लस लागली नाही तर साखळी तुटू नये म्हणून दर फेरीला दोघं घेतली तर १०४. आणि ही सगळी देवी न आलेली, आधी लस न टोचलेली हवीत. लहान गावात अशी मुलं काही महिन्यांत संपतात. वही अचानक थांबते त्याला नेहमी साथ किंवा सरकारी बंदी कारण नसते, टोचायला मूलच उरलेलं नसतं. ओसाकाच्या नोंदी हे उघडपणे सांगतात. तिथले वैद्य ओगाता कोआन यांनी १८६० मध्ये लिहिलेल्या ‘जोतोकान’ या लस टोचण्याच्या दवाखान्याच्या इतिवृत्तात येतं की लस मुलांना अपाय करते अशी अफवा शहरात पसरली आणि विश्वास ठेवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा दर खेपेला चार-पाच गरीब मुलांना तांदूळ आणि पैसे देऊन आणावं लागलं. जमाखर्चाच्या वहीत तांदळाचा खर्च दिसला तर तो दानधर्म म्हणून सोडून देऊ नका. ती साखळीचीच नोंद आहे, आणि त्या पानावर ज्यांचं नाव नाही त्याच मुलांनी लस जगवली.

एक ओळ जवळून

ओळी उभ्या, उजवीकडून डावीकडे. वर तारीख, मग गाव किंवा पेठ, मग घराचं किंवा दुकानाचं नाव ‘या’ने संपणारं, मग बाप, मग ‘सेगारे’ म्हणजे मुलगा किंवा ‘मुसुमे’ म्हणजे मुलगी, आणि शेवटी मुलाचं नाव आणि वय. ‘ओसाकाया’ असं दिसलं तर ते शहर नाही, दुकानाचं नाव आहे. नकाशावर खूण करण्याआधी हे बघा. सामान्य लोक कागदपत्रांत आडनाव लावत नसत, त्यामुळे एकाच पेठेत एकाच नावाची दोन मुलं सहज असतात. वडील आणि दुकान जुळल्याशिवाय त्यांना एक मानू नका.

वय ‘काझोए’ पद्धतीचं: जन्मतः एक, आणि दर नव्या वर्षाला एकेक वाढ. बाराव्या महिन्यात जन्मलेलं बाळ काही दिवसांतच ‘दोन वर्षांचं’ होतं. म्हणून ‘३ वर्षे’ म्हणजे एक वर्ष पूर्ण झाल्यापासून तीन पूर्ण होण्याच्या आतलं कोणतंही वय. या वयांची सरासरी काढून कोणी लेख लिहिला असेल तर आधी हे वजा केलंय का ते विचारा.

परिणामासाठी दोन जोड्या येतात. जुन्या वह्यांत ‘शिंतो’, खरा फोड, आणि ‘कातो’, खोटा फोड. नंतरच्या कागदांत ‘झेनकान’, लस लागली, आणि ‘फुझेनकान’, लागली नाही. खोटा फोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उठतो, मधला खळगा धरत नाही आणि लवकर वाळतो. त्यातून लस घेतली तर पुढची सगळी मुलं बिनलशीची राहतात आणि आईबापांना वाटतं आपलं मूल सुरक्षित आहे. म्हणून अनुभवी वैद्य सातव्या-आठव्या दिवशी मूल परत आणायचा आग्रह धरत. परिणामाचा रकाना कोरा असेल तर ‘यशस्वी’ मोजू नका. ते मूल परत आलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

नावांची गुंतागुंत

देवनागरीत उतरवताना नवी गफलत होते. इतो गेनबोकू आणि इतो केइसुके या वैद्यांची आडनावं आपल्याकडे एकसारखी दिसतात, जपानीत दुसरं अक्षर वेगळं आहे. ओगाता शुन्साकू आणि ओगाता कोआन यांचं उलट आहे: अक्षरं तीच, पण माणसं, काळ, पद्धत सगळं वेगळं. शिवाय वैद्य मंडळी टोपणनावं, लेखनासाठीची नावं वापरतात, जसे र्योसाकू आणि हाकुओ एकच. यादी करताना प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या आणि सगळी नावं त्याच्याखाली घाला. हाकुओंच्या कागदांत ‘हाकुशिन’, म्हणजे पांढरा देव, असा शब्द येतो. त्यांचा तो लशीसाठीचा शब्द आहे. देवीच्या साथीचा देव ‘होसोगामी’ वेगळा. दोघांची सरमिसळ झाली तर वैद्याची वही पूजेची वही वाटेल.

कुठे शोधायचं

सुरुवात छापील पुस्तकांपासून करा. त्यांतल्या पुष्कळांत अक्षरांशेजारी उच्चार दिलेले असतात. क्योतो विद्यापीठाचा फुजिकावा संग्रह वैद्यकीय ग्रंथांसाठी अप्रतिम आहे आणि पानं मोफत पाहता येतात. राष्ट्रीय संसदीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आणि वासेदा विद्यापीठाचा जुन्या ग्रंथांचा संग्रहही तसाच. घसटत्या ‘कुझुशिजी’ लिपीसाठी ‘मिवो’ हे ॲप फोटोवरून अक्षरं ओळखून देतं. लाकडी ठशांच्या छापील पानावर ते चांगलं चालतं, खासगी रोजनिशीवर बरंच चुकतं. त्याने दिलेली तारीख किंवा आकडा डोळ्यांनी ताडल्याशिवाय तक्त्यात घालू नका. ‘मिन्ना दे होन्कोकू’ या प्रकल्पात लोक मिळून जुने मजकूर उतरवतात, तिथे सराव छान होतो. हाकुओंचे कागद फुकुई शहराच्या इतिहास संग्रहालयात आहेत. नागासाकीची बाजू तपासायची तर देशिमाच्या डच वखारीच्या रोजनिशा द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतल्या तारखा युरोपीय दिनदर्शिकेच्या असल्याने चांद्र तारखांचा हिशेब त्यांच्यावर घासून बघता येतो.

शहरागणिक कागदांची जात वेगळी. सागात १८४९ मध्येच ‘इंतोकाता’ हे जहागिरीचं खातं झालं, त्यामुळे तिथे कारकुनी शिस्त आहे. ओसाकाचं ‘जोतोकान’ खासगी होतं आणि बाकुफूची, म्हणजे शोगनच्या सरकारची, मान्यता त्याला १८५८ मध्ये मिळाली. त्याआधीचे कागद म्हणजे जाहिरातपत्रकं, वर्गणी, पत्रव्यवहार आणि दूरच्या गावांतल्या वैद्यांना लस वाटल्याची ‘बुनब्यो’ प्रमाणपत्रं. ही प्रमाणपत्रं सोडू नका, लस कोणत्या रस्त्याने कुठे गेली ते त्यांतून थेट मिळतं. पैसे ओसाकाकडे चांदीच्या ‘मोन्मे’ वजनात, एदोकडे (आजचं तोक्यो) सोन्याच्या ‘र्यो’त. एक र्यो म्हणजे चार बू, एक बू म्हणजे चार शू. तांब्याच्या ‘मोन’चा भाव सतत बदलत होता, तेव्हा एकाच दराने सगळं बदलू नका.

एदोचं चित्र उशिरा सुरू होतं. १८४९ च्या तिसऱ्या चांद्र महिन्यात बाकुफूने आपल्या वैद्यांना शस्त्रक्रिया आणि डोळ्यांचे उपचार सोडून डच वैद्यक वापरायला बंदी केली. म्हणून १८५८ पूर्वीच्या एदोच्या नोंदी जहागिरींच्या वाड्यांतून आणि खासगी वैद्यांकडून येतात. १८५८ च्या पाचव्या महिन्यात ऐंशीहून जास्त वैद्यांच्या वर्गणीतून ओतामागाइके इथे लसकेंद्र उघडलं आणि अकराव्या महिन्यात आगीत गेलं. ते पुन्हा उभं राहिलं, १८६० मध्ये बाकुफूने ताब्यात घेतलं, आणि तोक्यो विद्यापीठाचा वैद्यकीय विभाग आपलं मूळ तिथेच मानतो.

एझोतल्या, म्हणजे आजच्या होक्काइदोतल्या, ऐनू या मूळ रहिवाशांना १८५७ पासून बाकुफूच्या हुकुमाने लस टोचली गेली. कुवाता र्युसाई आणि फुकासे योशुन हे वैद्य त्यासाठी गेले. इथल्या नोंदी वाचताना जास्त जपा. त्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या हातच्या आहेत. ऐनू नावं काताकाना लिपीत लिहिली, आणि ऐनू शब्दांच्या शेवटचे व्यंजन त्या लिपीत बसत नाहीत, म्हणून एकच माणूस दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. हिरासावा ब्योझान याचं लस टोचण्याचं प्रसिद्ध चित्र माहितीने भरलेलं आहे: रांग, वैद्य, लिहिणारे कारकून. पण त्यात हुकूम देणाऱ्याची नजर आहे. रांगेतल्या लोकांचं मत त्यावरून सांगता येणार नाही.

मेइजी काळातले कागद सगळ्यात सोपे. १८७४ च्या ‘शुतो किसोकू’ नियमांनंतर परवानाधारक टोचणारे आणि ठरावीक नमुन्याची प्रमाणपत्रं दिसू लागतात. १८८५ च्या नियमांनी जन्मापासून वर्षाच्या आत पहिली लस बंधनकारक केली आणि १९०९ मध्ये त्यांची जागा लसीकरणाच्या कायद्याने घेतली. प्रमाणपत्रावर ‘पहिली’ की ‘दुसरी’ ते आधी वाचा. दुसऱ्या खेपेला ‘फुझेनकान’ आलं तर ते पुष्कळदा पहिल्या लशीचा परिणाम टिकून असल्याचंच लक्षण असतं. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेचे आकडे एकत्र करून लस निकामी होती असा निष्कर्ष काढला, तर तो चुकणारच.